फिलूमावशीच्या गाण्याचं काय झालं

भाईंदर पश्चिमेहून समुद्राकाठच्या चौक गावची बस धरली तेव्हा पिशवीत रेकॉर्डर, लॅपटॉप आणि फिलूमावशीसाठी नाशिकचा चिवडा होता. मी संगणकावर संगीत करतो. माणसांचे, वस्तूंचे आवाज भरून घ्यायचे, कापायचे, ताणायचे आणि त्यांचे ठेके बांधायचे, हा माझा उद्योग. दोन वर्षांपूर्वी चौकच्या या मावशीनं मला लग्नातलं एक गाणं म्हणून दाखवलं होतं. त्यावर माझा पहिला अल्बम उभा राहिला. दुसरा अडला, म्हणून पुन्हा तिच्याकडेच निघालो होतो. 'तयार झालं की पहिलं तुला ऐकवतो,' असं मी तिला सांगून गेलो होतो. ऐकवलं मात्र नव्हतं. आज करू, उद्या करू, दुसरं काय!

इमारती मागे पडल्या, मिठागरं लागली, मग तिवरं. चौकला उतरताना चपलेचा अंगठा तुटला.

"ऱ्हाऊ द्या सायेब," कंडक्टर हसला, "हितली वाळू मऊ हाय."

मऊ कसली डोंबलाची! शिंपले टोचत होते. लंगडत मावशीच्या अंगणात पोचलो. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि तिची मुलगी लिझीताई म्हावरं (मासळी) निवडत बसली होती.

"ताई, मावशी कुठंय?"

तिनं मान वर करून पाहिलं. "तू तो गाणीवाला ना? आय (आई) न्हाय रं आता. पावसाळ्याआधीच गेली."

चिवड्याचा पुडा हातातच राहिला. मला रडू आलं आणि लाजही वाटली. लिझीताईनंच मला घरात नेऊन बसवलं. "जेवल्याबिगर जायचं न्हाय," म्हणाली. सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात वाढला.

"आयचं गाणं तुझ्याकडे हाय ना?" तिनं विचारलं. "आमच्याकडे फोटो ढीगभर हायत. आवाज न्हाय. रोज घरात असलेल्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतो?"

आता खरं सांगणं भागच होतं. अल्बम झाल्यावर लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती. मूळ गाणं मी पुसून टाकलं होतं.

"पुसलं? मग जे बनवलंस ते लाव की."

तिच्या कानांवर हेडफोन ठेवून लावलं. ताणून ताणून मी त्या आवाजाची बासरी करून टाकली होती.

"ही आय न्हाय."

"तीच आहे, ताई."

"तिच्या पोटची मी, आणि मला तू शिकवतोस?"

ती हेडफोन काढणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. "थांब. मागं घे. ते ठक ठक वाजतं ना, ते."

मी मागे घेतलं. तो ठेका ढोलाचा नव्हता. गाता गाता मावशी एकदा खोकली होती. आवाज कोरडा, नेमका होता, म्हणून मी तो कापून दर चौथ्या ठोक्याला बसवला होता. अख्ख्या गाण्यात तेवढंच मी जसंच्या तसं ठेवलं होतं.

"आयचा खोकला!" लिझीताई तोंडावर हात धरून रडायला लागली. "सकाळी उठली की अशीच खोकायची. मी वराडायची, दवाखान्यात जा म्हणून."

मी तो खोकला वेगळा काढून तिच्या मोबाइलवर टाकला. तिनं तो पुन्हा पुन्हा लावला.

"गाणं गेलं ते गेलं," ती डोळे पुसत म्हणाली. "हे तरी ऱ्हायलं."

चिवड्याचा पुडा तिनं मावशीच्या फोटोपुढे ठेवला. निघताना माझे पाय पाहून आतून रबरी चपला आणल्या. "आयच्या घाल. पडूनच हायत."

त्या मला आखूड होत होत्या. टाचा बाहेर काढून तसाच नाशिकला आलो.

परवा एका कार्यक्रमात तेच गाणं लावलं. मावशी खोकली की पोरं उड्या मारत होती. मला ते बघवेना. मधेच बंद करून घरी आलो आणि स्वयंपाकघरात आईसमोर रेकॉर्डर ठेवला.

"आई, बोल काहीतरी."

"काय बोलू? खुळा झालास का?"

"काहीही बोल. भाजी कुठली केलीस?"

मेथी कशी जून निघाली, भाजीवाल्यानं कसं फसवलं, हे ती बराच वेळ सांगत होती. मधे दोनदा मला रागावली. मी त्यातलं एक अक्षर कापलेलं नाही. दुसऱ्या अल्बमचं काम अजून एवढंच झालंय.