देवाला कालवडच लागते

भरल्या चारा छावणीत मॅनेजरनं माझ्या डोक्यावरची पाटी खाली उतरवायला लावली. पाटीत शेण होतं. माझ्याच गाईचं.

"वत खाली," तो म्हणाला. मी ओतलं.

"आता हातानं भर आन् त्या ढिगावर नेऊन टाक."

तेही केलं. दोन दावणींच्या मधे बाप्ये उभे होते. बाया आता शेण पण चोरायला लागल्या, असं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. माझे मालक त्यांच्यातच होते. ते हसले नाहीत. गाईचं दावं घट्ट करायला खाली वाकले.

चुलीपुरत्या गोवऱ्या थापणार होते मी. छावणीत जनावरांपाशीच राहायचं, तिथंच तीन दगडांवर भाकरी भाजायची. रानात काटकी उरली नव्हती. मॅनेजरला तेवढं सांगितलं. तो माझ्या लेकापेक्षा लहान. संस्थानच्या महाराजांचा भाचा.

"चारा देवाचा हाय, मावशी. मंग शेण बी देवाचंच."

मावशी म्हणाला. शिवी दिली असती तर कमी लागलं असतं.

आमच्या गावाच्या टेकडीवर संस्थान आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं एक ओटा आणि पत्र्याची खोली होती. दर सुगीला घरटी एक पायली ज्वारी देवाला जायची. सासूनं दिली, मीही दिली. खळ्यावर आधी देवाची पायली मापायची, मग घरची. घरात खाणारी तोंडं किती, हे देवाला विचारायचं नसतं. त्या पायल्यांवर टेकडीवर काय काय उभं राहिलं ते आम्ही खालून बघत होतो. मंगल कार्यालय झालं. शाळा झाली, तिची फी आमच्या पोरांना झेपेना. रस्त्यावर पेट्रोल पंप आला. मागच्या उतारावर डाळिंबाची बाग. मग दूध संस्था. नावाला सहकारी. चेअरमन महाराजांचा भाऊ, सेक्रेटरी मेव्हणा, आणि सभासद आम्ही. सभासदानं दूध घालायचं, भाव विचारायचा नाही. कुणी विचारलंच तर गावातलीच जाणती माणसं त्याला गप्प करायची. देवाचं आहे, हिशोब मागू नये.

दुष्काळ पडला तेव्हा जनावरांची छावणीही संस्थानला मिळाली. चाऱ्याचे पैसे सरकार देत होतं. हे मॅनेजरला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. तरी रोज आरती झाली की भोंग्यावर सांगायचे, देव तुमची जनावरं जगवतोय. आम्ही हात जोडायचो. सकाळी बायांनी सेवा म्हणून शेण भरायचं. भरलेल्या ट्रॉल्या डाळिंबाच्या बागेत जायच्या.

माझी गाय तांबडी. लग्नात आईनं मला एक कालवड दिली होती, तिच्याच वंशातली ही. शेत मालकांचं, घर सासऱ्याचं. माझं म्हणावं असं या घरात तेवढंच होतं. छावणीत आणली तेव्हा ती गाभण होती. तिच्यासाठीच मी शेण परत ढिगावर टाकलं आणि गप्प बसले. ती नसती तर त्याच दिवशी निघून गेले असते.

आमच्या शेजारच्या दावणीला सखूबाईची गाय होती. सखूबाई गावातल्या बौद्ध वस्तीतली. तिची गाय आधी व्याली. गोऱ्हा झाला. मॅनेजर आला, बघितला, म्हणाला घेऊन जा घरी. मला वाटलं, बौद्धाचं म्हणून नको असेल. पण दुसऱ्या दिवशी पाटलांच्या गाईला गोऱ्हा झाला, तोही घरी पाठवला.

मग तांबडी व्याली. कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका. ती अजून धड उभी राहत नव्हती, तोवर मॅनेजर हार आणि हळदकुंकू घेऊन आला. बरोबर दोन गडी. म्हणाला, नशीबवान आहात, छावणीत जन्मलेली पहिली कालवड देवाला अर्पण करायची आहे. चीक निघाला की नेतो.

मालकांनी टोपी काढून हात जोडले. मी मधे उभी राहिले.

"सखूबाईचा गोऱ्हा कावून नेला न्हाई?"

"देवाला गोऱ्ह्याचं काय काम, मावशी?"

"मंग कालवडीचं काय काम? देव धारा काढतो का?"

सखूबाई तोंडाला पदर लावून हसली. मग पलीकडच्या बाया हसल्या. मॅनेजरच्या हातातला हार तसाच राहिला. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं जे समोर होतं ते माझ्याच तोंडून मला ऐकू आलं होतं. देव दूध काढत नाही. दूध दूध संस्थेत जातं. देव ज्वारी खात नाही, देवाला पेट्रोल लागत नाही. खाणारे दुसरेच होते आणि आम्ही नैवेद्य दाखवत होतो.

कालवड देत न्हाई, मी म्हणाले.

त्या दिवसापासून तांबडीची पेंढी बंद झाली. मालकांनी त्या पोराचे पाय धरले. साऱ्या छावणीसमोर, पांढऱ्या मिशांचा माणूस. मग माझ्याकडं वळले. "आगं, दे. जगंल तरी बिचारी."

मी दावं सोडलं आणि दोघींना घेऊन भर उन्हात घरी निघाले. मालक मागं राहिले. सखूबाई वस्तीच्या वळणावर गाठ पडली. तिचंच भागत नव्हतं, तरी कडब्याची एक पेंढी काढून दिली.

"आमी देव सोडला तवा तुमी आमाला हसलाव," ती म्हणाली. "बस आता सावलीला. पाणी पी."

पुढचं सांगते. तांबडी आटली. वडवणीच्या बाजारात कडबा मिळत होता, पण तो घ्यायची आमची ऐपत नव्हती. लिंबाचा पाला घातला, घराच्या छपराचं जुनं पाचट उपसून घातलं. कालवड आधी गेली. आईला चाटायलाही जोर नव्हता. मग तांबडी बसली, ती उठलीच नाही.

मालक म्हणाले, "दिली आसती तर जगली आसती."

ते खरं होतं. संस्थानच्या गोठ्यात कालवड जगली असती, व्याली असती, कासंडीभर दूध दिलं असतं. माझ्या हट्टानं मेली असं गाव म्हणालं. म्हणू दे. मालक मरेपर्यंत हेच एक वाक्य आमच्या दोघांत पडून राहिलं. मी त्यांना कधी खोटं पाडलं नाही. पण तांबडी आज व्याली तरी मी तिची कालवड देणार नाही.

त्या सुगीपासून देवाची पायली बंद केली. दूध संस्थेनं सभासदांतून आमचं नाव काढलं. बायांनी संक्रांतीला बोलावणं बंद केलं. सखूबाई येते, चहा पिऊन जाते.

आता संस्थानला गायरान पाहिजे. भक्तनिवास बांधायचा आहे आणि दूध थंड करायचा कारखाना. गायरान म्हणजे ज्याला शेत नाही त्याच्या शेळीची जागा. परवा सरपंच दारात आला. "आज्जी, ठरावाला या, हात वर करा, जेवाण हाय. देवाचं काम हाय."

मी येते म्हणाले.

जाणार आहे. बायांच्या मागं नाही, पुढं बसणार आहे. गायरान गावाचं आहे, ते मागणारे तुम्ही कोण, असं एकेकाचं नाव घेऊन विचारणार आहे. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या सभेत परत विचारीन. देवाचं नाव सांगितलं तर म्हणेन, देवाला पाठवा, त्याच्याशी बोलते. माझा हात वर जाणार नाही. आणि ज्यांचे वर जातील, त्यांच्या एकेकाच्या तोंडाकडं, तो हात खाली येईपर्यंत, मी बघणार आहे.