तळहात वर करायला लागलेले महिने

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि माझ्या कोपराजवळ पेनाचं टोक टेकवलं. "रेडियल हेड फ्रॅक्चर," ते म्हणाले. "हाड जागेवर आहे, ऑपरेशन नको. तीन आठवडे स्लॅब, आणि स्लॅब काढला की हात हलवायला लागायचं. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा."

मी ऑपरेशन नको एवढंच ऐकलं. शेवटचं कर्जत सोडायच्या आत विसरलोसुद्धा.

माझं चौक गावात जुन्या हायवेवर दुचाकींचं गॅरेज आहे, मागे घर. तीसेक वर्षं लोकांना सांगत आलो की फरशीवर ऑइल सांडलं की लगेच भुसा टाकायचा. त्या दिवशी मीच सांडलेल्या ऑइलवरून मीच घसरलो आणि सगळं वजन उजव्या हातावर आलं. सांगणार कुणाला?

स्लॅब म्हणजे अर्धं प्लास्टर. हाताच्या एका बाजूनं पक्कं, वर बँडेज. आणि रेडियल हेड म्हणजे काय, तर कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याला दोन हाडं असतात. करंगळीकडचं अल्ना, अंगठ्याकडचं रेडियस. रेडियसचं कोपरातलं टोक बटणासारखं गोल असतं, तेच रेडियल हेड. माझ्या त्या बटणाला चीर गेली होती.

तीन आठवड्यांनी स्लॅब निघाला. मी मात्र हात झोळीत अडकवून आणखी महिनाभर बसलो. माझी बायको रंजना रोज बजावायची, "अवो, हालवू नका. हाड सरकंल." मला ते ऐकायला गोड वाटायचं, कारण हलवला की दुखायचं. उभी गाडी जाम होते, हे गिऱ्हाइकाला शंभरदा सांगणारा मी, पण स्वतःच्या हाताचं डोक्यात आलं नाही.

झोळी काढल्यावर तोंड धुवायला नळाखाली ओंजळ धरली तर पाणी थांबेना. डावा तळहात वर होता, उजवा कडेवर उभाच, कुणाशी हात मिळवायला पुढे केल्यासारखा. जोर लावला तर कोपर बाहेर जायचं, खांदा वाकायचा, तळहात तिथल्या तिथे.

गॅरेजमध्ये गेल्यावर खरी भीती वाटली. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, साइड पॅनेलचे स्क्रू भराभर निघाले. बसवताना मात्र हात फिरेना. मला खोलता येत होतं आणि आवळता येत नव्हतं. नुसतं खोलणाऱ्याकडे गाडी कोण देईल? त्या दिवशी मी शटर अर्धं ओढून एकटाच बसलो होतो.

रंजना चहा घेऊन आली, तिनं सुटा पडलेला पॅनेल पाहिला आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला. "कुठला आदी?" तेव्हापासून आमचं असंच चालू झालं. मी खोलायचो, दुरुस्त करायचो, ती आवळायची.

"बास?"

"अजून अर्धा आटा."

"तुमचा अर्धा आटा कदी सपतच नाय."

रसायनीच्या कंपनीत जाणारे कामगार सकाळी गाड्या टाकून जात. त्यातला एक म्हणाला, "मिस्त्री, वहिनींनी आवळलेलं ढिलं होत नाय. तुमचं व्हायचं." मी हसलो. मला ते लागलंही.

मग मी तो गाढवपणा केला. जाम झालेल्या बोल्टाला पाना पुरत नाही तेव्हा आम्ही पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवतो. जोर तोच, पण बोल्ट निमूट फिरतो. तळहात वर फिरावा म्हणून मी उजव्या मुठीत पाना धरला, त्यावर पाइप चढवला आणि डाव्या हातानं पाइप ओढला. कोपरात कुठूनतरी कळ निघाली ती थेट दातांत. संध्याकाळपर्यंत कोपर सुजून मोठं झालं आणि होता तो उभा तळहातही उलटा खाली गेला.

डॉक्टरांनी दुसरा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. पाइपाची हकीकत त्यांनी न हसता ऐकून घेतली, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "सांधा म्हणजे बोल्ट नाही हो. त्याला मारलं की तो आणखी आवळतो." आणि त्यांनी मला फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं.

त्या खोलीबाहेरच्या बाकावर मी पुढे बरेच दिवस बसलो. शेजारी कळंबच्या एक आजी असायच्या, गुडघ्यासाठी आलेल्या. कोण किती वाकला, हीच तिथली चौकशी.

आत श्रुती मॅडम होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी शब्द शिकवले. कोपर वाकवणं म्हणजे फ्लेक्शन. सरळ करणं म्हणजे एक्स्टेन्शन. हात अंगापासून बाजूला नेणं ॲबडक्शन, परत अंगाशी आणणं ॲडक्शन. तळहात खाली करणं प्रोनेशन, वर करणं सुपिनेशन. "तुमचं सुपिनेशन अडलंय, काका," त्या म्हणाल्या. इतके दिवस मी 'हात गेला' म्हणत होतो. गेलेल्याला एवढं छोटं नाव आहे म्हटल्यावर माझा निम्मा धीर परत आला.

त्यांच्याकडे हाडांचा एक नकली हात होता. त्याचा तळहात वर असताना दोन्ही हाडं शेजारी शेजारी होती. त्यांनी तो पालथा केला, तसं रेडियस अल्नावरून तिरकं होऊन पलीकडे गेलं. वरचं बटण मात्र जागचं हललं नाही. एका कड्यात ते नुसतं फिरलं. त्या कड्याला ॲन्युलर लिगामेंट म्हणतात, चिवट दोऱ्यांचं ते कडं असतं. मी त्यांना ते चारदा फिरवून दाखवायला लावलं. मी आयुष्यभर बेअरिंगं बदलली आहेत. इतकी कमी जागा घेणारी, इतकी वर्षं चालणारी आणि न उघडता वंगण मिळणारी मांडणी मी पाहिली नव्हती. आणि ती माझ्याच बाहीत होती.

"डाव्या हातानं उजवा दंड धरा आणि स्क्रू आवळल्यासारखं करा," मॅडम म्हणाल्या. दंडातला गोळा टरारून आला. तो बायसेप्स. लोकांना वाटतं तो फक्त कोपर वाकवतो, पण तळहात वर फिरवण्याची मोठी ताकदही त्याचीच. म्हणून उजव्या हाताच्या माणसाला कोपर वाकवून आवळायला जास्त जोर मिळतो, खोलायला कमी. स्क्रूचे आटे याच दिशेनं का ठेवले हे मला ठाऊक नाही, पण आयुष्यभर ते माझ्या दंडाच्या बाजूनंच होते. मी थक्क होऊन बाहेर आलो आणि एसटीतून उतरायचं विसरून चौकच्या पुढे गेलो.

व्यायाम म्हणून त्यांनी सांगितलं काय, तर हातोडी. कोपर अंगाशी, मुठीत हातोडी उभी धरायची आणि तिच्या वजनानं हात हळूहळू बाहेर झुकू द्यायचा. आधी दांडा लोखंडी डोक्याजवळ धरायचा, मग रोज थोडा खाली. तुमच्यापैकी कुणाचा हात असा अडला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि मॅडमचा नियम लक्षात ठेवा. ताण बसला पाहिजे, सूज येता कामा नये. सूज आली म्हणजे आपण पाइप लावला.

मॅडम गोनिओमीटरनं कोन मोजत. तो म्हणजे सांध्याचा कोनमापक. मी घरी मुलीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक काढला. दहा, वीस, पस्तीस. मग पंचेचाळीसवर आठवडाभर अडलो तेव्हा चिडून हातोडी कोपऱ्यात फेकली. रंजनानं ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिली.

या नादात मी माणसांचे हात बघायला लागलो. रंजना भाकरी थापताना मी स्वयंपाकघरात बसायचो. मनगट वाकतं, उचलतं, तळहात पालथा होतो, भाकरी फिरते, उताणा होतो, भाकरी त्यावर येते, तव्यात जाते. एका भाकरीत माझ्या यादीतले किती शब्द यायचे. इतकी वर्षं मी फक्त भाकरी बघत होतो.

हात साठ अंशांवर पोचला. मॅडम म्हणाल्या, "यापुढे किती येईल सांगता येत नाही. कदाचित एवढाच राहील." त्या रात्री जेवणानंतर मी गंमत म्हणून कोनमापक रंजनाच्या हाताला लावला. सुपिनेशन पूर्ण, जवळजवळ नव्वद. "बघ, नव्या गाडीसारखा हाय." मग मनगट करंगळीकडे झुकवलं. याला अल्नर डेव्हिएशन म्हणतात. तिनं झटकन हात ओढून घेतला.

"काय झालं?"

"काय नाय."

मी दिव्याखाली तिचा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. उजव्या हातातल्या बांगड्या तिनं कधीच काढून डाव्यात घातल्या होत्या. मी रोज तिच्या मनगटाकडे बघत होतो आणि हे मला दिसलं नव्हतं.

"कदीपासून?"

"तुमच्या अर्ध्या आट्यापासून," ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कर्जतच्या त्याच बाकावर होतो. डॉक्टरांनी नाव सांगितलं, डी क्वेरव्हेन. अंगठ्याचे टेंडन, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, ज्या नळीतून जातात ती सुजते, तोच तोच पीळ देऊन. तिला अंगठ्याचा पट्टा दिला आणि आवळणं बंद केलं.

आता आवळायचं मलाच होतं. साठ अंशांत पुरा पीळ बसत नाही, म्हणून एकाच्या जागी दोनदा हात फिरवतो. गिऱ्हाइकाला थोडा वेळ जास्त थांबावं लागतं. अजून कुणी तक्रार केलेली नाही.

तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर आजाऱ्याला बघाच, पण त्याचं सगळं जो करतो त्याचे हातही एकदा उजेडात धरून बघा. मला हे कळायला चार महिने लागले.

तीन आठवड्यांनी मॅडमनी रंजनाला व्यायाम दिला. तिचं मनगट खालून आधार देऊन हळूहळू झुकवायचं. पहिल्या सकाळी आम्ही ओट्यावर बसलो. "मी हालवू नका म्हनत व्हते," ती म्हणाली, "आता तुमीच मला हालवायला लावताय." मी कोपर अंगाशी घेतलं, उजवा तळहात वर केला आणि तिनं आपला हात त्यावर ठेवला. त्या दिवशी माझा कोन मोजायचा राहून गेला.