वखराच्या पात्याचा तुकडा

अकोल्यात नत्थुजी मिस्त्री गाडीचं मूळ ओळखण्यात पटाईत होते. जुन्या मोटारी कापून, वर लाकडी सांगाडा चढवून लोक त्यांच्या सवारी गाड्या बनवत. मग सामान मागवायची वेळ आली की मूळ मॉडेल कोणतं, हे कोणालाच सांगता येत नसे. नत्थुजी खाली शिरून अचूक सांगत.

१९६१ साली हिवरखेडचे उद्धवराव अशीच एक बाकडी बसवलेली गाडी घेऊन आले. नत्थुजी तिच्याखाली सरकले. "शेवरलेट हाय, अडतीसची," ते म्हणाले. चेसिसला वखराच्या पात्याचा तुकडा जोडलेला होता. तो त्यांनीच जोडला होता, नऊ वर्षांपूर्वी. त्याच सकाळी त्यांचा थोरला भाऊ रामराव, जो एका शेठजींकडे ड्रायव्हर होता, त्यांची ही गाडी घेऊन खांडव्याला निघाला होता. तो परतलाच नाही. गाडी विकून पळाला, असं सगळे म्हणत.

"कुठून घेतली?" नत्थुजींनी विचारलं.

"भंगारवाल्याकडून. धारणीच्या जंगलात, नाल्यात सापडली म्हनते. आत डायवरची हाडं होती."

संध्याकाळी नत्थुजींनी रामरावच्या बायकोला, गोदाबाईंना, सारं सांगितलं. "दादा चोर नव्हता, वहिनी," म्हणताना त्यांना रडू फुटलं.

गोदाबाई म्हणाल्या,

"भाऊजी, मी रोज देवाले म्हनत होती, चोर असंन तं असू दे, पन कुठंतरी जित्ता ठेव. आता मी काय मागू?"