मंत्रिमहोदयांचे बूट

हेरिंग मासे खारवणाऱ्याचा पोरगा एयविंद आमच्या गावातून गेला, राजदूत झाला, पुढे मत्स्यमंत्रीही. गाव सोडल्यापासून मासा मात्र त्याने ताटाबाहेर कधी पाहिला नाही. नॉर्वेत शेंबडं पोरसुद्धा दारात बूट काढतं. निवडणूक आली तेव्हा ही स्वारी मतं मागायला बुटांसकट माझ्या आत्याच्या घरात शिरली.

"बूट काढ रे!" आत्या ओरडली.

"टोरबोर्गकाकू, हे बूट घालून मी राजवाड्यांत वावरलोय."

"तिथली जमीन पुसायला नोकर असतील. इथली मी पुसते."

परदेशी राजांपुढे जन्मभर कमरेत वाकलेल्या या गड्याला स्वतःच्या नाड्या सोडायला काही वाकवेना. शेवटी त्याच्या ड्रायव्हरने गुडघे टेकून बूट उतरवले.

आत्याने कॉफी ओतली आणि पहिला कप ड्रायव्हरला दिला.