देव बसले, तेव्हा पोलीस दाराशी

खंडोबावर मी रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. साठीला आलेल्या बाईला ते शोभत नाही, पण माझा स्वभावच तसा. मागताना पदर पसरायचा आणि उशीर झाला की तोंड फिरवायचं. त्या वेळी मागणंही मोठं होतं. मेलबर्नला माझ्या एकुलत्या एका लेकीला दिवस गेले होते. आधीचं मूल सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा ती तिकडे रडत होती आणि मी इथे तंजावुरात फोन कानाला लावून बसले होते. या खेपेला मला तिच्याजवळ असायचंच होतं. वर्षाहून अधिक राहण्याचा व्हिसा, म्हणून पोलिसांचा दाखला हवा होता, माझ्यावर कुठला गुन्हा नाही असा. तो सादर करायला व्हिसावाल्यांनी महिन्याची मुदत दिली. अर्ज केला, तेव्हा पोलीस घरी येऊन खात्री करतील असं समजलं.

एवढ्यात मार्गशीर्ष लागला. आमच्याकडे चंपाषष्ठीचं नवरात्र थोरल्या घरी, पापनाशमला माझ्या जाऊबाईंकडे बसतं. सहा दिवस अखंड दिवा. घट बसला की षष्ठीला तळी उचलेपर्यंत घरच्या सुनांनी गावची वेस ओलांडायची नाही. यजमान गेल्यावरही मी हे कधी चुकवलं नाही. या वर्षी मात्र पाय अडखळले. पोलीस याच दिवसांत आले तर काय, असं मी जाऊबाईंना फोनवर विचारलं.

"तू ये गं. अस्क तोच बघील," त्या म्हणाल्या. आमच्या तंजावरी बोलीत अस्क म्हणजे सगळं. मी घराला कुलूप लावून निघाले.

तिसऱ्या दिवशी दिव्यात तेल घालत असताना फोन वाजला. पोलीस शिपाई माझ्या घरासमोर उभा होता.

"अम्मा, दाराला कुलूप आहे."

"मी पापनाशमला आहे, सार."

"मग या की. किती लांब आहे?"

दुसरी कुणी शहाणी बाई मिळेल त्या बसनं निघाली असती. मी त्याला तमिळमध्ये सांगितलं, "आमच्याकडे देव बसलेत. ते उठेपर्यंत मला गाव सोडता येत नाही."

त्यानं विचारलं, "कुठे बसलेत?"

"पाटावर," मी म्हटलं. त्यानं फोन ठेवून दिला. जाऊबाईंना हसू आवरेना आणि मला रडू.

उरलेले दिवस मी दिव्यात तेल घातलं, पण देवाशी बोलले नाही. षष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, तळी उचलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट पोलीस ठाण्यात गेले. टेबलाशी बसलेल्या रायटरनं, म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणाऱ्या पोलिसानं, शिपायाचा अहवाल काढून वाचून दाखवला. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. हा कागद पुढे गेला तर दाखला नाकारला जाणार, नवा अर्ज करावा लागणार, आणि तोवर मुदत संपणार. मी घट, दिवा, वेस सगळं सांगून पाहिलं.

"अम्मा, पूजा आटोपून संध्याकाळी यायचं होतं," तो म्हणाला. त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही, रोज शंभर सबबी ऐकत असेल. मी मनात खंडोबाला म्हटलं, तुझा नेम पाळला त्याचं हे फळ का? माझ्या लेकीनं पुन्हा एकटीनं सोसायचं का?

बाकावर ओरत्तनाडूकडची एक बाई बसली होती. मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला आली होती. कुणी न विचारता ती उठून टेबलाशी आली.

"सार, तुमच्या गावात मारियम्मनला काप्पु बांधतात ना?" काप्पु म्हणजे देवीच्या उत्सवाआधी बांधायचा हळदीचा दोरा. तो बांधला की उत्सव उरकेपर्यंत गाव सोडायचं नाही.

"बांधतात."

"पोलीस बोलावतोय म्हणून तुमची आई काप्पु बांधल्यावर गाव सोडेल का?"

रायटरनं पेन खाली ठेवलं. "काप्पु बांधला होता म्हणून माझी आई माझ्यासाठी मुलगी बघायलासुद्धा आली नव्हती," तो हसून म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "हे असं सांगायचं ना, अम्मा." आमचं घराणं कितीतरी पिढ्या या मातीत राहतंय, पण माझी वेस आणि त्यांचा काप्पु एकच, हे मला कधी सुचलं नव्हतं.

अहवाल अजून पुढे गेलाच नव्हता. इन्स्पेक्टर चार दिवस बंदोबस्तावर होते, त्यांची सही राहिली होती. त्याच दुपारी शिपाई पुन्हा आला, घर पाहिलं, शेजारच्या दोन घरी विचारलं आणि काफी पिऊन गेला. नवा अहवाल लिहिला गेला. त्याआधी ठाण्यात मी त्या बाईचा तक्रार अर्ज लिहून दिला आणि तिच्या हातात पोच पडेपर्यंत शेजारी बसून राहिले. मी आभार मानले, तर ती म्हणाली, "मी काय केलं? नुसतं विचारलं."

मुदतीच्या चार दिवस आधी दाखला हातात आला, पुढे व्हिसाही झाला. कुणी म्हणेल, सही राहणं काय आणि त्या बाईचा मोबाइल हरवणं काय, असं रोज घडतं. घडत असेल. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की माझी जी वाट अडली असं मी म्हणत होते, ती कुणीतरी दुसऱ्या बाजूनं मोकळी करत होतं, आणि मी तेवढा वेळ तोंड फिरवून बसले होते. त्याची लाज वाटते.

बाळंतपणाच्या आठ दिवस आधी मी लेकीजवळ पोचले. कळा सुरू झाल्यापासून तिनं माझा हात सोडला नाही. नातीचं रडणं ऐकू आलं तेव्हा सवयीनं मी डोळे मिटले, हात जोडले, आणि काय मागावं ते आठवेना. तशीच उभी राहिले. एवढ्या आयुष्यात खंडोबापुढे काही न मागता मी पहिल्यांदाच उभी होते.