आयुधपूजेला उघडलेला कॉम्प्युटर
झेंडूचा वास आला की आठवतं, चूक माझी होती आणि बोलणी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, खाल्ली. त्या आयुधपूजेला मी कॉम्प्युटर उघडून नवी रॅम बसवली आणि अण्णांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातल्या जुन्या सवयीने त्याला कुंकू लावलं. मग तो सुरूच होईना. गेलेल्या आईचे सगळे फोटो त्यात होते. “आत कुंकू सांडलंत तुम्ही,” मी ओरडलो. “स्वल्पच लावलं की रे,” अण्णा पुटपुटले. दुपारी ते झोपल्यावर मी रॅम पुन्हा दाबली, ती खट्‌कन बसली आणि पडद्यावर आई दिसली. सकाळी मीच ती अर्धवट बसवली होती, पण हे त्यांना सांगितलं नाही. पुढे दर वर्षी अण्णा कॉम्प्युटरला लांबूनच नमस्कार करत. यंदा मला ते बघवेना, सगळं सांगून टाकलं. “म्हणजे माझ्यामुळे बिघडला नव्हता?” त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. “नाही अण्णा. माझंच चुकलं, मला माफ करा.”