पहिल्या धारेतली गाठ

माझ्या मानेला गाठ आली तेव्हा पोंभुर्ण्यात निदान करणाऱ्यांचा तोटा नव्हता. शाळेतल्या बाईंनी ती सर्दीची ठरवली. शेजारणीने गंडमाळ म्हणून बिब्बा लावायला सांगितला. दूधवाल्याने तर सायकलवरून उतरायचीही तसदी घेतली नाही. "टीबी हाये बाई, माह्या साळ्याले अशीच होती," असा निकाल देऊन तो मोकळा झाला. मी मुळात तापट. त्यात आयुष्यभर पोरांना गप्प बसवण्याची नोकरी केलेली. मोठ्यांना मात्र गप्प बसवता येत नाही, याचा मला भारी राग येई.

पोळ्याला वाटाण्याएवढी असलेली गाठ दसऱ्याला लिंबाएवढी झाली, तेव्हा मी चंद्रपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुईने थोडं पाणी काढून काचेवर पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "ही टीबी वाटत नाही," त्या म्हणाल्या. "लिम्फोमाची शंका आहे. म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि तोही घाईने वाढणारा. पण नेमका कुठला, ते आधी कळायला हवं. प्रकार चुकला तर औषध चुकतं." मला भीती वाटली, सरळ सांगते. मग त्या भीतीचाच राग आला आणि जरा बरं वाटलं.

गाठ काढली. अर्धा तुकडा तिथेच तपासणीला ठेवला, पण त्याला वेळ लागणार होता. उरलेला अर्धा त्याच दिवशी नागपूरच्या लॅबमध्ये पोचवायचा होता, तोही जिवंत. तिथलं मशीन म्हणे पेशींना एकेक करून प्रकाशासमोरून नेतं आणि अंगावरच्या खुणांवरून कोण कुठल्या जातकुळीची ते सांगतं. मला लगेच समजलं. प्रार्थनेला पोरं रांगेत उभी करायची आणि बिल्ले बघून वर्ग ओळखायचा, तसंच ते.

न्यायचं काम माझ्या धाकट्या भावाने अंगावर घेतलं. तो आलापल्लीला लाकडाच्या डेपोत आहे. सागाचा ओंडका बघून झाडाचं वय सांगेल, पण बाईमाणसाची गाठ हातात घेऊन बसमध्ये बसायची त्याची पहिलीच वेळ. बर्फाच्या डब्यात ठेवलेली बाटली त्याने अशी मांडीवर धरली की कंडक्टरने त्याला पुढची जागा दिली.

संध्याकाळी नागपूरहून लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला. "ताई, रागावू नका, पण तुमच्या सॅम्पलला दारूचा वास येतोय."

भाऊ तिथेच उभा होता. मी त्याला फोनवर बोलावलं. "काय केलंस?"

"काऊन? चांगलंच केलं!" तो म्हणाला. "त्या बाटलीत औषधच नव्हतं ना बाई, नुसतं पानी होतं. नागपूरले जाईपर्यंत सडून गेलं असतं. मामेभावासाठी मोहाची घेऊन चाललो होतो, त्यातली टाकली. पहिल्या धारेची हाये, भेसळ नाई!"

आमच्याकडे जडीबुटीची मुळी असो की विंचू, टिकवायचं म्हटलं की मोहाच्या दारूत. त्याचं काही चुकलं नाही, असं त्याला अजूनही मनातून वाटतं. ते नुसतं पाणी नव्हतं, पेशी जगाव्यात म्हणून दिलेलं मिठाचं पाणी होतं, हे डॉक्टरांनी समजावलं. पहिल्या धारेने पेशी जागीच मेल्या. झिंगलेली पोरं काही हजेरीला उभी राहत नाहीत.

मी त्याला त्या फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "माह्यामुळे उशीर झाला तर मी कुठी तोंड लपवू, बाई?" तेव्हा कुठे माझी टकळी थांबली. उशिराचीच तर भीती होती. ही गाठ वाट बघणाऱ्यातली नव्हती.

लिंबाशेजारी एक बोराएवढी गाठ अजून मानेत शिल्लक होती, नशिबाने. मी ठरवलं, आता मध्ये कोणी नको. दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून सॅम्पल स्वतःच्या पायांनी नागपूरला गेलं. भाऊ लॅबच्या दारात उभा होता, तोंड धुतलेलं नाही, हातात काही नाही. डॉक्टरांनी तिथेच सुई टोचली आणि नळी लगोलग मशीनवर नेली.

निकाल ऐकायला आम्ही दोघं आत गेलो. प्रकार कळला होता. घाईने वाढणाराच निघाला. पण त्याच दिवशी काढलेल्या स्कॅनमध्ये तो अजून मानेच्या पलीकडे गेलेला दिसला नाही. "हा जसा झटक्यात वाढतो तसाच औषधाला दबतोही," डॉक्टर म्हणाले. "उपचार याच आठवड्यात सुरू व्हायला हवेत. पूर्ण बरं होण्याची चांगली आशा आहे."

मी मान हलवली. भाऊ मात्र बाहेर व्हरांड्यात येताच भिंतीला टेकून खाली बसला आणि असा हंबरडा फोडला की रांगेतली माणसं उठून आली. कोणी त्याला पाणी दिलं, कोणी पाठीवर हात ठेवला. एक म्हातारी माझ्याजवळ आली, माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं वो, बाई?"

माझ्याही डोळ्यांना तोवर धार लागली होती. मी म्हटलं, "कोनी नाई गेलं, माय. मी राह्यली."